सिंह दुसऱ्या दिवशी हुशार होतो

नैरोबी नॅशनल पार्कची दक्षिणेची बाजू उघडी आहे. झेब्रे तिकडून चरायला बाहेर पडतात, त्यांच्यामागे सिंह. आणि त्याच माळावर मसाई लोकांचे गोठे. मसाईंमध्ये गुरं राखायचं काम पोरांकडे असतं; रिचर्ड तुरेरे नावाच्या पोराकडे ते नवव्या वर्षी आलं. एका सकाळी घरातला एकुलता एक वळू सिंहाने मारलेला दिसला.

रिचर्डने आधी जाळ करून पाहिला. त्या उजेडात सिंहांना गोठा उलट जास्तच नीट दिसायला लागला. मग बुजगावणं उभं केलं. पहिल्या दिवशी सिंह परत फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताडलं, हे जागचं हलत नाही, आणि गुरं मारली. मग एका रात्री तो हातात टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरत राहिला; त्या रात्री सिंह आलेच नाहीत. हलत्या उजेडाला ते बिचकतात, हे त्याने हेरलं.

पुढचं काम तासाभराचं म्हणावं इतकं सोपं. गाडीची जुनी बॅटरी, ती चार्ज करायला सोलर पॅनल, मोटरसायकलच्या इंडिकेटरची टिकटिक डबी, मोडक्या टॉर्चमधले दिवे. दिवे आळीपाळीने लुकलुकतात, सिंहाला वाटतं कुणी गस्त घालतंय. पोरगा तेव्हा अकरा वर्षांचा. इलेक्ट्रॉनिक्स शिकला ते आईचा नवाकोरा रेडिओ खोलून. (आईने काय केलं असेल, ते सांगायला नको.) २०१३ साली टेड व्याख्यानांच्या मंचावरून त्याने हे सगळं जगाला सांगितलं.

मध्यंतरी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसलो होतो. गुणपत्रकात मांडणीला गुण, पोस्टरला गुण, बोलण्याला गुण. ‘आधी काय करून पाहिलं आणि ते का फसलं’ याला रकानाच नव्हता. रिचर्ड तिथे आला असता तर जाळ आणि बुजगावणं गिळून फक्त दिवे दाखवले असते, आणि मास्तरांनी त्यावर थर्मोकोलचा सिंह चिकटवला असता.

आता कुणी म्हणेल, हे दिवे बिबट्यांसाठी आपल्या जुन्नर-आंबेगावला लावा. गोठ्याला लावावेत की! पण मसाईंचा सिंह बाहेरून येतो. आपला बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो. शेतात दिवे लावायचे कुठल्या बाजूने? शिरूर तालुक्यात बायामाणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले, धनगर कुत्र्याला घालतात तसे. बिबट्या मान धरतो, हे बघूनच सुचलेलं ते. कल्पना अस्सल आहे, आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारी.

त्या पट्ट्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा दारं धरायला जावं. शेतीच्या थ्री फेज लाइटची पाळी बरेचदा रात्रीची येते. माणूस एकटा उसाच्या कडेने, एका हातात खोरं, दुसऱ्या हातात मोबाइलचा उजेड. पाणी पुढच्या सरीत वळवायला तो खाली वाकतो, तेव्हा मोबाइल खिशात जातो.