एक, दोन, तीन बंद... चार मात्र चालू!

बालमित्रांनो, बिघाड शोधायच्या आपल्या खेळात आज आपण मोटारगाडीत शिरणार आहोत. "आमच्याकडे गाडीच नाही," असं म्हणून पान उलटू नका हं! गाडी कुणाची का असेना, बिघाड शोधायची युक्ती सगळ्यांच्या कामाची असते. शिवाय आज मी तुम्हाला माझीच फजिती सांगणार आहे. ती वाचायला तर तुम्हाला नक्कीच आवडेल!

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट. मी, माझी ताई आणि आठवीतली भाची असे तिघं वाईहून महाडला निघालो होतो. गाडी माझी, बारा वर्षांची म्हातारी. महाबळेश्वर मागं पडलं आणि आंबेनळी घाट उतरायला लागलो. पाऊस असा की पुढचं वळण दिसेना. त्यातच गाडीतला पंखा बंद पडला! पंखा म्हणजे आपण एसी किंवा हीटर लावला की समोरच्या जाळीतून वारा सोडतो ना, तो. त्याला ब्लोअर म्हणतात.

तुम्ही म्हणाल, "पावसात कशाला हवा पंखा? थोडं उकडलं तर काय बिघडतं?" प्रश्न उकाड्याचा नव्हताच. पंखा थांबल्यावर पाचएक मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली. आमच्या तिघांच्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ गार काचेवर जमली. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तेच हे! ताई फडक्यानं काच पुसत होती आणि पुसलेली जागा पुन्हा पांढरी होत होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. खरं सांगतो, माझ्या पोटात गोळा आला.

पंख्याचं बटण दोनवर होतं. मी तीनवर नेलं, काही नाही. एकवर आणलं, काही नाही. "गेला पंखा!" मी जाहीर करून टाकलं. मग रुंद जागा पाहून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, धोक्याचे चारही दिवे लावले, खिडक्या बोटभर उघडल्या आणि काच स्वच्छ होईपर्यंत थांबलो. पुढचा घाट अगदी हळूहळू, भिजत भिजत उतरून पोलादपूर गाठलं.

तिथं हमरस्त्यालगत मोटारींचं वायरिंग करणारे एक मेस्त्री भेटले. शेजारी चहा पीत उभे असलेले एक गृहस्थ लगेच म्हणाले, "फ्यूज उडाला असणार. एक तार गुंडाळा तिथं, लगेच चालू होईल!"

मेस्त्रींनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की ते गपचूप चहा पिऊ लागले.

"फ्यूज म्हणजे वाड्यावरचा राखणदार," मेस्त्री माझ्या भाचीला म्हणाले. "वायरीला झेपणार नाही इतकी वीज आली, की तो स्वतः जळतो आणि वायर वाचवतो. त्याच्या जागी तार घातली, की राखणदाराला हाकलून दार सताड उघडं ठेवल्यासारखंच. मग जळते ती वायर, आणि वायरीबरोबर गाडी."

मित्रांनो, गाडीच्या फ्यूजवर आकडा असतो आणि त्याचा रंगही ठरलेला असतो. १० अँपियरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. जितक्याचा काढला तितक्याचाच घालायचा, त्याहून मोठा कधीच नाही. आणि नवा घातल्यावर तोही उडाला, तर फ्यूज खराब नाही, पुढं कुठंतरी घोटाळा आहे, असं समजायचं.

आमचा फ्यूज मात्र ठणठणीत होता. मेस्त्रींनी विचारलं, "चारवर टाकून पाहिलंत का?"

मी गप्प. कारण चारवर पंखा इतका घोंगावतो, की आम्ही तो कधी चारवर लावतच नाही. भाचीनं बटण चारवर नेलं आणि... भर्रर्र! वारा थेट तोंडावर! "मामा!" ती ओरडली, "अख्ख्या घाटात आपण उगाचच घाबरलो!"

खरंच होतं तिचं. पंखा मेला नव्हताच. चारपैकी तीनच आकडे तपासून मी निकाल दिला होता. परीक्षेत प्रश्न न वाचताच उत्तर लिहावं तसा!

आता गंमत पाहा. "एक, दोन, तीन बंद, पण चार चालू" एवढ्या एका वाक्यातून मेस्त्रींना किती गोष्टी कळल्या! चारवर पंखा फिरतो, म्हणजे मोटर चांगली. वीज पोचते, म्हणजे फ्यूज चांगला. मग उरलं कोण? एक, दोन, तीन या आकड्यांच्याच वाटेवर असणारं आणि चारच्या वाटेवर नसणारं काहीतरी. त्याचं नाव रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा भाग.

चारवर बॅटरीची वीज थेट मोटरकडं जाते. बाकीच्या आकड्यांवर तिला आधी रेझिस्टरमधल्या तारांच्या गुंडाळ्यांतून वाट काढावी लागते. एकवर सर्वांत जास्त अडथळा, म्हणून पंखा सर्वांत हळू. या गुंडाळ्यांसोबत पुष्कळ गाड्यांत एक लहानसा, फार तापल्यावर वितळणारा फ्यूजही असतो. आमच्या गाडीत तोच वितळला होता, म्हणून तिन्ही आकडे एकदम बंद!

अडथळ्याचं हे गणित जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकानं १८२७ साली मांडलं. ते शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचे. व्होल्टला ओहमनं भागा, अँपियर मिळतात. करून पाहू या? गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. समजा मोटरचा अडथळा १ ओहम. चारवर वीज वाहील १२ अँपियर. आता मध्ये २ ओहमचा रेझिस्टर घाला. एकूण अडथळा ३ ओहम, म्हणून वीज फक्त ४ अँपियर. (फिरत्या मोटरचं खरं गणित याहून गुंतागुंतीचं असतं, पण कल्पना येण्यापुरते हे सोपे आकडे पुरेत.)

आता पुढचं गणित तुमच्या दादाला किंवा ताईला विचारा. या रेझिस्टरमध्ये किती उष्णता तयार होईल? ४ गुणिले ४ गुणिले २, म्हणजे ३२ वॅट! रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडचं कथील वितळवणारं सोल्डरिंग आयर्न पुष्कळदा २५ वॅटचंच असतं. म्हणजे पंखा हळू फिरत असताना तुमच्या गाडीत एक चटका देणारी वस्तू गुपचूप बसलेली असते. मग ती जळत कशी नाही? कारण कारखान्यानं ती मुद्दाम पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेतच बसवलेली असते. पंखा तिला वारा घालतो आणि ती गार राहते.

मी म्हटलं, "चला, सापडलं! नवा रेझिस्टर बसवा की झालं."

"झालं कसं?" मेस्त्री म्हणाले. "बारा वर्षं टिकलेला आत्ताच का जळला, ते नको का बघायला?"

त्यांनी पायांजवळचा खण उतरवला आणि हवा गाळणारा फिल्टर बाहेर ओढला. बघतो तर काय, शिरीषाची इवली इवली पानं, धूळ आणि काड्या यांची गोधडीच तयार झालेली! आमच्या दारात शिरिषाचं झाड आहे आणि त्याच्या सावलीत गाडी उभी असते. पानं समोरच्या काचेखालच्या जाळीतून आत गेली, फिल्टर तुंबला, वारा कमी झाला आणि वारा न मिळाल्यानं रेझिस्टर तापून तापून जळाला. नुसता रेझिस्टर बदलला असता, तर नवाही थोड्याच दिवसांत गेला असता!

मित्रांनो, आजच्या गोष्टीतली लाखमोलाची गोष्ट ती हीच. बिघडलेली वस्तू सापडली म्हणजे बिघाड सापडला असं नव्हे. ती वस्तू का बिघडली, हा एक प्रश्न आणखी विचारायचा.

नवा रेझिस्टर त्या दिवशी पोलादपुरात मिळाला नाही. फिल्टर झटकून, पंखा चारवर घोंगावत ठेवून आम्ही महाडला पोचलो. कान किटले, पण काच स्वच्छ राहिली!

आता तुमच्यासाठी पंख्याची ही ओळखपत्रं. वहीत उतरवून ठेवा.

कोणत्याच आकड्यावर पंखा फिरत नाही: आधी फ्यूज. तो चांगला असेल, तर मोटर, बटण किंवा त्यांच्या वायरी.

फक्त सर्वांत वरच्या आकड्यावर फिरतो: रेझिस्टर. मात्र हल्लीच्या काही गाड्यांत, विशेषतः तापमान आपोआप राखणाऱ्या गाड्यांत, वेग कमीजास्त करायला इलेक्ट्रॉनिक भाग असतो. तिथं ही खूण चालेलच असं नाही.

मध्येच थांबतो आणि खणावर थाप मारली की फिरतो: मोटरमधले कार्बनचे ब्रश झिजले असण्याचा संभव.

खडखड आवाज येतो: पंख्यात पान किंवा काडी अडकली असेल. पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी संसारही थाटलेला असतो!

पंख्याचा आवाज जोरात, पण वारा कमी: फिल्टर तुंबलेला असेल.

वारा भरपूर, पण गार नाही: पंखा निर्दोष! एसीचा गॅस किंवा कॉम्प्रेसर तपासायला हवा.

वारा भरपूर, पण हीटर लावूनही गरम नाही: इथंही पंखा निर्दोष. पुष्कळशा मोटारींत हीटरची उष्णता इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यातून येते. ते कमी झालेलं असू शकतं.

म्हणजे बघा, गारवा देणारा वेगळा आणि ऊब देणारा वेगळा, पण दोघांचा निरोप पोचवणारा पोस्टमन एकच, आपला पंखा!

आणि एक सांगू? पावसाळ्यात काचेवर वाफ धरली, तर गारवा नको असला तरी एसी लावावा आणि वारा समोरच्या काचेकडं वळवावा. एसी हवा नुसती गार करत नाही, कोरडीही करतो. हवेतली वाफ त्याच्या थंड नळ्यांवर जमते आणि गाडीखाली टपटप गळते. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली ते थेंब पाहून "गाडी गळतेय!" असं कुणी ओरडलं, तर त्याला ही गंमत जरूर सांगा.

आता घरी करायचा प्रयोग. दोन टॉर्चचे सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, वायरीचे तीन तुकडे आणि दोन्ही टोकांना तासलेली एक पेन्सिल घ्या. सेल आणि बल्ब जोडा, पण मध्ये पेन्सिलीचं शिसं येऊ द्या. बल्ब मंद होईल. मग पेन्सिल बाजूला काढून वायरी थेट जोडा. बल्ब लख्ख! पेन्सिल म्हणजे तुमचा रेझिस्टर आणि थेट जोडणी म्हणजे "चार" नंबर. प्रयोग फक्त टॉर्चच्या सेलवरच करायचा. घरातल्या प्लगशी किंवा गाडीच्या बॅटरीशी मुळीच नाही!

आईबाबांनाही दोन शब्द. फिल्टर काढणं, फ्यूज पाहणं ही कामं मुलांसोबत जरूर करा. इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि गाडीचं माहितीपुस्तक समोर. पण त्यापुढं डॅशबोर्ड उघडू नका. तिथं एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या वेष्टनातल्या, वायरी असतात. ते काम जाणकारांचंच.

आमची गाडी आता शिरिषाखाली उभी नसते. आणि भाची गाडीत बसली, की आधी पंख्याचे चारही आकडे फिरवून पाहते आणि माझ्याकडं बघून हसते. हसू दे. फजिती झाली, पण शिकलो ना!

तर मग, या रविवारी तुमच्या, नाहीतर शेजारच्या काकांच्या गाडीचा फिल्टर त्यांच्यासोबत काढून बघा. आत काय काय सापडलं, ते आम्हाला नक्की कळवा!