सूर्यावरचे डाग आणि सरकारवरचे डाग



पाऊस फसला, पऱ्हाटीची पाती गळाली, की कोणी तरी शिकलेला माणूस पारावर येऊन सांगतो, 'सूर्यावरचे डाग बदललेत, त्याला सरकार काय करणार?' हा युक्तिवाद जुना आहे.

1876 साली सोलापूर-नगर भागात पाऊस गेला. दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी टेम्पल साहेबाने दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. पुण्याची सार्वजनिक सभा तक्रारी करीत राहिली, अन् धान्य जहाजांतून विलायतेला जात राहिले. त्याच 1877 साली लॉकियर आणि हंटर या दोन विद्वानांनी विलायतेच्या मासिकात लेख लिहिला की सूर्यावरचे डाग कमी झाले की हिंदुस्थानात दुष्काळ पडतो. लॉकियर काही भोंदू नव्हता, मोठा खगोलशास्त्रज्ञ होता. पण राज्यकर्त्यांना याहून सोयीचे शास्त्र कोणते?

आता हिशेब करू. डाग साधारण 11 वर्षांच्या फेऱ्याने वाढतात, घटतात. त्याने सूर्याच्या उष्णतेत पडणारा फरक हजारात एक. 1978 पासून उपग्रह ही उष्णता मोजताहेत. ती वाढलेली नाही, पृथ्वी मात्र तापते आहे. ते कोळशा-तेलाच्या धुराने. आणि पाऊस? 2009 साली डाग जवळजवळ नव्हते, देशाचा पाऊस 22 टक्के कमी. 2014 साली डाग ऐन भरात, तरी पाऊस 12 टक्के कमी. डाग नसताना दुष्काळ, असतानाही दुष्काळ!

1904 साली हवामान खात्याचा प्रमुख झालेल्या वॉकरनेही डाग आणि पाऊस ताडून पाहिले. हाती फारसे लागले नाही. त्याला सापडला तो प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोपाळा. त्याच झोपाळ्याशी बांधलेला एल निनो 1877 साली जोरात होता. तोही दर वेळी पाऊस बुडवतोच असे नाही. 1997 साली एल निनो जबर होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला.

म्हणजे अस्मानी आहेच, आम्ही नाकारीत नाही. पण चांगल्या पावसाच्या साली कापूस खर्चाच्या खाली विकावा लागतो, तो कोणत्या डागामुळे? ज्वारी खळ्यावर आली की भाव पडतो, तो कोणत्या ग्रहामुळे?

जिल्हा बैठकीला साहेब येतील. त्यांनी सूर्याकडे बोट दाखवले तर दोनच आकडे मागा: आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद, आणि गेल्या हंगामात विम्याचे हप्ते किती गेले, भरपाई किती आली. आपल्या वहीतली पावसाची नोंदही सोबत आणा.