ग्रहपदाची सनद

शाळेच्या भिंतीवरील सूर्यमालेच्या तक्त्यातून प्लूटो नाहीसा झाला, 'ग्रह नऊ आहेत' या वाक्याच्या जागी 'ग्रह आठ आहेत' असे वाक्य मुले घोकू लागली, आणि एवढ्यावर क्रमिक पुस्तकांनी हे प्रकरण दफ्तरदाखल करून टाकले. वस्तुतः सूर्यमालेचा परिचय करून देण्यास या बडतर्फीच्या हकीकतीइतके उत्तम साधन दुसरे नाही. कारण ग्रहांची नामावळी पाठ असणे म्हणजे कचेरीचा हजेरीपट पाठ असणे होय, आणि हजेरीपटावरून कोणाचा अंमल कोणावर चालतो हे काही कळत नाही.

आपल्या नवग्रहांचेच पाहा. रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू आणि केतू या मालिकेत पृथ्वीचे नाव नाही. तारकांच्या स्थिर पटावर जे सरकताना दिसते ते ग्रह, अशी तेव्हाची दृष्टी असता, जिच्यावर उभे राहून पाहावयाचे ती भूमी त्या यादीत यावी तरी कशी? राहू-केतू तर पिंडही नव्हेत. चंद्राचा मार्ग क्रांतिवृत्ताला जेथे छेदतो ते हे दोन बिंदू; परंतु ग्रहणाचे गणित त्यांच्यावाचून अडते, म्हणून त्यांनाही पंक्तीत पान मिळाले. पुढे सूर्य मध्यस्थानी आहे हे मान्य होताच नवांपैकी चौघांचे ग्रहपद खालसा झाले; सूर्य तारा ठरला, चंद्र उपग्रह झाला, छेदनबिंदू गणितात राहिले, आणि पृथ्वी नव्याने रुजू झाली. हा हुकूम पत्रिका मांडणाऱ्यांकडे अद्याप पोचलेला नाही, ही गोष्ट निराळी.

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे पियाझ्झी या ज्योतिर्विदाला मंगळ आणि गुरू यांच्यामधील प्रदेशात सेरेस सापडला. त्याच्या पाठोपाठ सापडलेल्या पॅलास, जूनो व व्हेस्टा यांच्यासह त्याची गणना कित्येक दशके ग्रहांत होत होती. मात्र तसले पिंड एकामागून एक मिळत चालले, तेव्हा ही सारी मंडळी लघुग्रहांच्या वर्गात गेली. प्लूटोचे भाग्य याहून वेगळे नव्हते. १९३० साली अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ याने शोधलेला हा पिंड आपल्या चंद्राहूनही लहान निघाला. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे त्याचे बर्फाळ भाऊबंद आढळू लागले, आणि २००५ साली घोषित झालेला एरिस तर वस्तुमानात त्याच्याहून भारी ठरला. तेव्हा एकतर सर्वांना सनदा द्याव्या, नाहीतर प्लूटोची परत घ्यावी, असा पेच पडला. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाला तीन अटी घातल्या: त्याने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोलाकार व्हावे, आणि आपल्या कक्षेचा परिसर इतर पिंडांपासून मोकळा केलेला असावा. प्लूटो तिसरीत नापास होऊन बटुग्रह झाला. त्याच फर्मानाने सेरेसला मात्र लघुग्रहांतून त्याच पदावर बढती मिळाली.

या तिसऱ्या अटीची शब्दयोजना मला ढिसाळ वाटते, कारण खुद्द गुरूच्या कक्षेतही हजारो लघुग्रह नांदतात. पण ते तेथे नांदतात ते गुरूच्या ताबेदारीत, आणि अटीचा खरा आशय तोच आहे. प्लूटोची गोष्ट उलट आहे. त्याची वाट नेपच्यूनच्या कक्षेच्या आत शिरते, तरी दोघे एकमेकांच्या जवळ येत नाहीत. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या अवधीत याच्या बरोबर दोन व्हाव्यात, असा बंदोबस्त नेपच्यूनच्या आकर्षणाने कायम राखलेला आहे. कोण स्वामी आणि कोण ताबेदार, याचा निवाडा प्रागच्या सभेच्या फार आधी झालेला होता.

म्हणून माझी सूचना अशी की, शाळेच्या तक्त्यावर रवी, सोम, राहू, केतू, सेरेस आणि प्लूटो ही नावे पुसून न टाकता केवळ एक रेघ मारून ठेवावीत, आणि प्रत्येकापुढे ती का मारली याचे कारण लिहावे. प्लूटोपुढे हेही लिहावे की, त्याची एक प्रदक्षिणा २४८ वर्षांची असल्यामुळे, सनद मिळाल्यापासून ती रद्द होईपर्यंतच्या ७६ वर्षांत त्याची फेरी एक तृतीयांशही झाली नव्हती.