मेहेरबानी नको, मिनिटं द्या



आमच्या तालुक्यातल्या एका गावची ग्रामसभा. गावाचं नाव घेत नाही, कारण तुमच्याही गावात हेच चालतं. तिथल्या बायांनी बोलावलं म्हणून सुप्याहून आम्ही चौघी गेलो होतो. विषय दोन: पाण्याचा टँकर आणि दारूचं दुकान. दोन्ही विषयांचा भार बायांच्या डोक्यावर. सभा दोन तास चालली. आधी एका गटाचे पुढारी बोलले, मग दुसऱ्या गटाचे, मग पहिल्यांचं उत्तर, मग दुसऱ्यांचं प्रत्युत्तर. सरपंचबाई मधल्या खुर्चीवर गप्प. शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्यानं शेवटी घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "आता महिला भगिनींपैकी कुणीतरी दोन शब्द बोला." मागच्या रांगेतून एक काकी उठल्या. त्या पदर सारखा करेपर्यंत आभार सुरू झाले.

परतीच्या वाटेवर आमच्यातली एक म्हणाली, "ताई, वर मुंबईला तरी सगळ्यांना सारखं बोलू देतात का हो?" ही सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करते. मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसले. तो हिशेब तुमच्यापुढे मांडते.

विधानसभेत कोणत्या विषयाला किती तास द्यायचे ते कामकाज सल्लागार समिती ठरवते. ते तास साधारणपणे पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटले जातात. पक्षाचे प्रतोद बोलणाऱ्यांची यादी देतात. वेळ संपली की घंटी वाजते. ऐकायला किती रास्त वाटतं! ज्याचे जास्त, त्याला जास्त.

आता आकडे घाला. विधानसभेचे सदस्य 288. समजा, चर्चा दोन तासांची, म्हणजे 120 मिनिटांची आहे. 2024 च्या निवडणुकीत सर्वांत मोठ्या पक्षाला 132 जागा मिळाल्या. त्यांच्या वाट्याला 55 मिनिटं. 10 जागांच्या पक्षाला चार मिनिटं आणि दहा सेकंद. डहाणूहून मार्क्सवादी पक्षाचे एकच आमदार आले, सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षाचे एकच. त्यांच्या वाट्याला प्रत्येकी 25 सेकंद. पंचवीस सेकंदांत "अध्यक्ष महोदय" म्हणून होतं आणि विषयाचं नाव सांगून होतं. प्रत्यक्षात पीठासीन अधिकारी त्यांना थोडं जास्त बोलू देतात. पण ती मेहेरबानी झाली. मेहेरबानी काढून घेता येते.

आता स्त्रियांचं बघा. त्या निवडणुकीत 21 स्त्रिया निवडून आल्या. त्यांचा पक्ष असता तर त्याला पावणेनऊ मिनिटं मिळाली असती. पण स्त्रियांचा पक्ष नाही. वेळ पक्षाच्या नावावर जमा होतो आणि पक्षाची यादी बहुतेक वेळा पुरुषच करतात. म्हणजे ही पावणेनऊ मिनिटंसुद्धा त्यांच्या हक्काची नाहीत. शेताचा सातबारा नवऱ्याच्या नावावर आणि खुरपणी बायकोच्या वाट्याला, तसंच हे.

सभागृहात निदान लोक बघत असतात. समितीत तेही नाही. विधेयक समितीकडे गेलं की खरं काम तिथं होतं. एकेक कलम उचकटून बघायचं, शब्द बदलायचे, बाहेरच्यांचं ऐकायचं. पण समितीचे सदस्यही संख्याबळावरच नेमतात, अध्यक्ष बहुधा सत्तेकडचा असतो आणि बैठका बंद दाराआड होतात. कोण किती बोललं, कुणाला मध्येच थांबवलं, हे आपल्याला कधी कळतच नाही.

शक्ती विधेयक आठवा. डिसेंबर 2020 मध्ये ते विधिमंडळात मांडलं आणि 21 सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं. नाव बायांच्या संरक्षणाचं. पण फाशीची तरतूद, तपासाची घाई यावर राज्यातल्या अनेक स्त्री संघटनांनीच हरकती घेतल्या होत्या. समितीतून बाहेर आलेल्या मसुद्यात आणखी एक कलम होतं: खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा. डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. पुढे राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि तो कायदा अमलात आलाच नाही. पण माझा प्रश्न तसाच राहतो. पोलीस ठाण्याची पायरी चढताना बाईचे पाय आधीच लटपटतात. तिला "खोटं निघालं तर तूच आत जाशील" असं सांगणारं कलम ठरवताना त्या खोलीत कोण किती मिनिटं बोललं? बाईच्या बाजूनं बोलणाऱ्याला पुरा वेळ मिळाला की घंटी? हे कळायची सोय नाही, हीच माझी तक्रार आहे.

यावर ठरलेलं उत्तर येईल: "लोकांनी आम्हाला जास्त मतं दिली, मग आम्ही जास्त का बोलू नये?" याला माझं सरळ उत्तर आहे. मतं मोजायची ती निर्णय करताना. तेव्हा तुमचे हात जास्त आहेत, विधेयक तुमच्याच मर्जीनं होणार आहे. ते कुणी हिरावून घेत नाही. पण बोलणं असतं ते निर्णयाच्या आधी, काय चुकतंय ते कळावं म्हणून. मोठ्या पक्षाचा दहावा वक्ता पहिल्याचंच पुन्हा सांगतो. न ऐकलेली गोष्ट बहुतेक वेळा त्या 25 सेकंदवाल्याकडे असते. हात मोजायचा नियम तोंडालाही लावला, तर समितीची गरजच काय? थेट हात मोजा आणि घरी जा.

मग वाटणी कशी करावी? माझी सूचना साधी आहे. वेळेचे दोन भाग करा. पहिला अर्धा सर्व पक्षांना सारखा, दुसरा अर्धा संख्याबळाप्रमाणे. समजा, 20 जणांची समिती आहे आणि पाच पक्षांचे सदस्य 10, 5, 3, 1 आणि 1 असे आहेत. आजच्या रीतीनं दोन तासांत त्यांना 60, 30, 18, 6 आणि 6 मिनिटं मिळतील. माझ्या रीतीनं 42, 27, 21, 15 आणि 15. सर्वांत मोठा पक्ष अजूनही सर्वांत जास्त बोलतोच आहे. फक्त लहानाला वाक्य पुरं करता येतं. यात अशक्य काही नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समित्यांत साक्षीदाराला प्रश्न विचारायला प्रत्येक सदस्याला पाच मिनिटं मिळतात, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

याला आणखी चार गोष्टी जोडा. पक्षाच्या वेळेतला स्त्री सदस्यांचा वाटा त्यांच्याच नावावर लिहा. पक्षाला तो दुसऱ्याला देता येऊ नये. सर्वांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कुणाला दुसऱ्यांदा बोलू देऊ नका. मध्ये आरडाओरडा झाला तर तो वेळ बोलणारीच्या हिशेबातून कापू नका. आणि कोण किती मिनिटं बोललं, याचा तक्ता समितीच्या अहवालाला जोडून छापा.

खाली गावातही हेच लागू करा. 73 व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून पंचायतीत एक तृतीयांश जागा आल्या, 2011 मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी, असं आपला ग्रामपंचायत कायदाच सांगतो. पण ती बऱ्याच ठिकाणी कागदावरच भरते, सह्या घरोघर फिरून गोळा होतात. आपण मागणी करू: महिला सभेचे ठराव ग्रामसभेत सर्वांत आधी वाचा आणि त्यांवर आधी बायांनाच बोलू द्या. सभेची वेळही पाळी आणि कांद्याची काढणी बघून ठेवा. पहिल्या पाळीला गेलेली बाई सकाळच्या सभेत हात कसा वर करणार?

आता जे सांगते ते लिहायला जड जातंय. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका मेळाव्यात मी अध्यक्ष होते. प्रत्येकीला तीन मिनिटं असा नियम मीच केला होता. वीटभट्टीवर काम करणारी एक बाई उठली. आधी नाव सांगितलं, मग गाव, मग भट्टीचं, मग तिथून उचल कशी घेतली ते. मूळ गोष्टीवर येते न येते तोच मी घंटी वाजवली. ती खाली बसली. जेवताना मला म्हणाली, "बाई, मला सुरू व्हायलाच तेवढा वेळ लागतो." पुढच्या मेळाव्याला ती आली नाही. तिला काय सांगायचं होतं ते मला आजही माहीत नाही. त्याच दिवशी शहरातून आलेल्या आमच्या एक पाहुण्या पाऊण तास बोलल्या होत्या. त्यांना मी घंटी वाजवली नव्हती.

म्हणून सगळ्यांना सारखी मिनिटं दिली की न्याय झाला, असं मी म्हणत नाही. तो न्यायाचा पहिला धडा आहे, आणि विधिमंडळ अजून तिथवरही पोचलेलं नाही. आपण पोचलोय का, तेही बघू. पुढच्या बैठकीत एकीनं घड्याळ घेऊन बसावं आणि कोण किती बोललं ते वहीत लिहावं. जात, शिक्षण, गाव-शहर, सगळं त्या वहीत दिसेल. वही आधी आपल्या गटात वाचा, मग ग्रामसभेत न्या, मग आपापल्या आमदाराच्या दारात.

आम्ही सुप्यात ही वही सुरू केली आहे. त्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला आम्ही पुन्हा जाणार आहोत. काकींचं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत पहिलं घाला, असं पत्र तिथल्या बायांनी सह्या करून पंचायतीत दिलं आहे. तुमच्या गावात काय झालं, ते कळवा.