मुरलेले आणि नासलेले

जुने ते सोने ही म्हण आपल्या घरोघरी इतकी रुजली आहे की, तिची परीक्षा घ्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही. जुना तांदूळ मोकळा शिजतो, जुना गूळ वैद्य मागून घेतात, मुरलेले लोणचे तोंडास अधिक चव आणते, आणि आयुर्वेदाने तर आसवे व अरिष्टे जुनी झाली म्हणजे अधिक गुणकारी मानली आहेत. ह्याच समजुतीने अलीकडे आमच्या द्राक्ष बागाईतदार बंधूंच्या घरांत वाइनच्या बाटल्या साठू लागल्या आहेत. आणि तंबाखूच्या मुलखात चंचीसाठी निवडक पाने बाजूस काढून ठेवण्याची चाल तर जुनीच आहे. परंतु ह्या साठ्यांपैकी पुष्कळसा साठा मुरत नाही, तो नासतो, ही गोष्ट वाचकांच्या नजरेस आणणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आमचाच दोष सांगतो. एका कारखान्याने आम्हांस दोन बाटल्या स्नेहाने दिल्या होत्या. घरातील मंगलकार्याच्या वेळी उघडू, अशा विचाराने त्या आम्ही माळ्यावर, पत्र्याखाली, फडक्यात गुंडाळून उभ्या ठेवल्या. सहा उन्हाळे गेले. कार्य उरकल्यावर चार जाणत्या पाहुण्यांसमोर मोठ्या अभिमानाने पहिली बाटली फोडली, तो बूच सुकून आकसलेले, रंग विटकरी झालेला, आणि वास उकळून करपलेल्या मुरंब्यासारखा. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ सहज म्हणाले, “आपल्याकडच्या द्राक्षांची वाइन अशीच व्हायची.” ते वाक्य आम्हांस अद्याप बोचते, कारण द्राक्षे निर्दोष होती, कारखानाही निर्दोष होता, अपराध सर्वस्वी आमच्या माळ्याचा होता.

असे का होते ते पाहू. वाइन बाटलीत बंद झाली तरी तिच्यातील क्रिया थांबत नाहीत. तांबड्या वाइनमध्ये सालींतून व बियांतून उतरलेली तुरट द्रव्ये, ज्यांस टॅनिन म्हणतात, ती हळूहळू एकमेकांस जुळतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, तुरटपणा मवाळ होतो आणि ताज्या फळाच्या वासाच्या जागी निराळे, खोल वास येतात. हे मुरणे होय. परंतु त्यास सुमारे 12 ते 15 अंश सेल्सियसची थंड, अंधारी व सारख्या तपमानाची जागा लागते. रासायनिक क्रियांचा वेग, ठोकळ हिशेबाने, दर दहा अंशांस दुपटीच्या जवळ जातो. उष्णतेत केवळ मुरणेच लवकर होते असे नाही; ज्या क्रियांनी वाइन बिघडते त्याही धावू लागतात, आणि मुरण्याआधीच नासणे गाठते. शिवाय आमच्या निफाडासारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा कधी कधी दोनचार अंशांवर उतरतो व उन्हाळ्यात चाळिशी गाठतो. ह्या चढउताराने बाटलीतील द्रव फुगतो व आकसतो, बुचाची पकड ढिली होते, आणि बाहेरची हवा आत शिरते.

येथे कोणी जाणकार म्हणेल की, पोर्तुगीजांच्या मदैरा बेटाची वाइन तर उष्णतेनेच सुधारते. पूर्वी ती जहाजांवर घालून उष्ण कटिबंधातून फिरवून आणीत. हे खरे आहे. पण त्या वाइनमध्ये मद्यार्क मिसळून ती आधी बळकट केलेली असते, आणि तापवणे हा तिच्या कृतीचाच भाग आहे. आपल्याकडील साध्या वाइनला तो न्याय लावणे म्हणजे आंब्याचे साठ उन्हात वाळते म्हणून दूधही उन्हात ठेवावे असे म्हणण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट मालाची. जगात होणाऱ्या वाइनपैकी बहुतेक वाइन पहिल्या काही वर्षांतच प्यावी ह्या बेताने केलेली असते. दीर्घ काळ टिकण्यास आंबटपणा व टॅनिन दोन्ही भरपूर लागतात. आपल्याकडे एप्रिलात व पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी होऊन द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये हाती येतात. ऊन तापू लागले म्हणजे मण्यांत साखर झपाट्याने चढते व आंबटपणा उतरतो. अशा फळापासून सुरेख, ताजी, सुवासिक वाइन होते, आणि तिचे सुरेखपण ताजेपणातच असते. शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ ह्या जातींची आपल्याकडील पांढरी वाइन वर्षदीड वर्षात संपवावी. शिराझ अथवा कॅबर्ने सोव्हिन्यों ह्यांची, ओकच्या पिंपात ठेवून काढलेली भारी तांबडी वाइन तीनपाच वर्षे ठेवण्यास हरकत नाही, पण ती थंड जागी.

ह्यावरून आमचा साधा नियम असा: पांढरी वाइन दसरा-दिवाळीस घरी आणावी आणि गुढीपाडव्याच्या आत संपवावी, म्हणजे उन्हाळ्याची भीतीच उरत नाही. तांबडी ठेवावयाची असेल तर थोडीच ठेवावी. ज्यांच्या जुन्या वाड्यात तळघर आहे त्यांचे भाग्य मोठे. इतरांनी माळा, स्वयंपाकघर व खिडकी टाळून माजघराच्या उत्तरेकडील भिंतीशी, जमिनीलगत, लाकडी पेटीत बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीस आडवे ठेवण्याची गरज नाही. कडक उन्हाळ्यात घरातील शीतपेटी ही तापलेल्या कपाटापेक्षा केव्हाही बरी. आणि उघडलेली बाटली दोनतीन दिवसांपलीकडे ठेवू नये.

आता तंबाखू. हे पान मूळचे आपले नव्हे. पोर्तुगीजांच्या हातून ते दक्षिणेत आले, आणि 1604 च्या सुमारास अकबराच्या दरबारचा असद बेग ते विजापुराहून बादशहाकडे घेऊन गेला असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. तंबाखूही मुरतो ह्यात शंका नाही. सिगारेटचे पान योग्य ओल राखून वर्ष-दोन वर्षे वखारीत ठेवतात, सिगारचे पान ढीग रचून आतल्या आत तापू देतात व ढीग पुनःपुन्हा उलथतात. ह्यामुळे अमोनियाचा उग्र वास जातो व धूर घशास कमी लागतो. पण हे काम वखारीचे आहे, घराचे नव्हे. घरातील जुडीस पावसाळ्यात बुरशी येते, उन्हाळ्यात तिचा चुरा होतो, आणि उबेत तपकिरी रंगाचा बारीक किडा पानांस भोके पाडतो. ज्यास ठेवावयाचाच असेल त्याने पान वाकेल पण चिकटणार नाही इतकीच ओल राखून घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडक्या काळापुरता ठेवावा.

मात्र वाइन व तंबाखू ह्यांस आम्ही एका मापाने मोजू इच्छित नाही. मुरल्याने तंबाखूचा उग्रपणा जातो, विष जात नाही. उलट कर्करोगास कारण होणारी नायट्रोसमाइन नावाची द्रव्ये पान वाळवताना व साठवताना वाढतात. दमट, उबदार साठ्यात अधिकच. मऊ झालेला तंबाखू निरुपद्रवी झाला अशी समजूत ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती आजच सोडावी. तोंडाच्या कर्करोगाने आपल्या खेड्यांतील किती घरे उजाड केली हे सांगण्यास आकडे नकोत. तंबाखू पिकविणाऱ्या आमच्या बंधूंस हे वाचून वाईट वाटेल. परंतु निपाणीच्या शेतकऱ्यांनी 1981 साली शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी जो लढा दिला, त्यातूनही हेच दिसले होते की, ज्याच्या हाती वखार त्याच्या हाती भाव. घरी चार जुड्या टांगल्याने ती वखार आपल्या हाती येत नाही. आपली छाती मात्र बिघडते. वाइनही निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यास प्यावयाची त्याने बेताने प्यावी, आणि न पिणाऱ्याने ह्या लेखामुळे सुरुवात करू नये.

कायद्याचेही दोन शब्द. मुंबई दारूबंदी कायदा, 1949, जो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, त्याअन्वये मद्य बाळगण्यास परवाना लागतो, व अनुज्ञप्तीवाचून घरी मद्य करणे हा गुन्हा आहे. आपलीच द्राक्षे आहेत म्हणून पिंपात आंबवून पाहू, हा मोह बागाईतदारांनी आवरावा.

वाचक विचारतील, घरच्या दोन बाटल्यांचा एवढा ऊहापोह कशास? कारण त्यांत आपल्या बागांचा प्रश्न गुंतला आहे. नारायणगाव व नाशिक भागात हा धंदा उभा राहिला, 2001 साली महाराष्ट्र सरकारने त्यास उत्तेजन देणारे धोरण आखले, आणि पुष्कळांनी वाइनच्या जातींच्या वेली लावल्या. पुढे 2008 नंतरच्या दोनतीन वर्षांत मागणी घसरली, द्राक्षे उचलली जाईनात, आणि जोपासलेल्या वेली उपटण्याची पाळी आली. त्या घसरणीची कारणे अनेक होती. पण पुन्हा तशी वेळ येऊ नये तर घरचे गिऱ्हाईक टिकले पाहिजे. आणि करपलेला एक घोट घेतलेले गिऱ्हाईक माळ्यास दोष देत नाही, आमच्या द्राक्षास देते.

म्हणून आमची कारखानदारांस विनंती आहे की, प्रत्येक बाटलीवर द्राक्षे कोणत्या साली खुडली, ती किती काळात प्यावी व कशी ठेवावी, हे ठळक मराठीत छापावे. संस्थेच्या सभासदांनीही द्राक्षांचे करार करताना हा आग्रह धरावा; त्यास खर्च जवळजवळ नाही. आणि प्रत्येक बागाईतदाराने आपल्या घरची पेटी एकदा उघडून पाहावी. ज्या बाटलीने तीन उन्हाळे पत्र्याखाली काढले असतील तिची आशा सोडावी, व जी अद्याप ताजी असेल ती चार मित्रांस बोलावून ह्याच हिवाळ्यात उघडावी.

काळ स्वतः काही सुधारीत नाही. चांगला माल चांगल्या जागी ठेवला तरच तो त्यास हात लावतो. धान्य पेवात घालताना आमचे वाडवडील आधी पेवाची ओल पाहत, मग धान्याची. तेवढी दक्षता आपण बाटलीच्या बाबतीत बाळगली तरी पुरे. आमची दुसरी बाटली अद्याप शिल्लक आहे. ती आम्ही फोडणार नाही. माळ्यावर जाताना दिसेल अशा जागी, आठवण म्हणून ठेवली आहे.