शाळेची खतावणी

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली; त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळल्या. अशा आपत्तीनंतर शाळांना बाके व पत्रे देणारे दाते आपल्या समाजात पुष्कळ. परंतु शाळेची खरी खतावणी म्हणजे जनरल रजिस्टर. जन्मतारीख, शाळा सोडल्याचा दाखला, सारे त्यावरच अवलंबून. ज्ञानपंचमीस आपण पूजितो त्या ग्रंथांइतकीच ही चिखलाने माखलेली वही मोलाची! तिच्यातील पुसट अक्षर ओळखतील ते निवृत्त मुख्याध्यापकच. सहशिक्षकापासूनची त्यांची सारी सेवा त्याच नोंदींत गेलेली असते. देणगीचा आकडा ठरविण्यापूर्वी विश्वस्तांनी प्रथम त्यांच्या घरी जावे. नामफलकाचा विषय दुसऱ्या बैठकीस ठेवावा.