दिवा खोटं बोलतो का?

मुलांनो, या आठवड्यात सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "बाई, आमच्या गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाले काका तो घालवून देतात. आठ-दहा दिवसांनी तो पुन्हा लागतो. दोनदा कॉइल बदलून झाली. बाबा म्हणतात, दिवाच खोटारडा आहे, आता गाडीच विकून टाकू. दिवा खोटं बोलतो का हो?"

छान विचारलंस गं! माझे दीर गाड्या दुरुस्त करतात. त्यांच्या गॅरेजात उभं राहून मी असले दिवे पुष्कळ पाहिलेत. दिवा सहसा खोटं बोलत नाही. पण तो अर्धंच बोलतो, आणि घोटाळा होतो तो तिथे.

हल्लीच्या गाडीत इंजिनावर नजर ठेवणारा एक छोटासा कॉम्प्युटर असतो. काही चुकलं की तो दिवा लावतो आणि एक नंबर लिहून ठेवतो. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की तो नंबर वाचता येतो. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून सगळ्या मोटारींना ही एकसारखी पद्धत सक्तीची झाली. पुढे ती आपल्याकडेही आली.

समजा, नंबर निघाला पी ०३०१. यातला 'पी' इंजिन आणि गिअरबॉक्सच्या गटाचा. शेवटचा १ म्हणजे पहिला सिलिंडर. अर्थ असा, की पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. आपले मेकॅनिक म्हणतात, 'गाडी मिसिंग करते.' कॉम्प्युटरला हे कसं कळतं? सायकल चालवताना एक पाय पेडलवरून घसरला तर कसा हिसका बसतो? तसंच इंजिनाचा फिरणारा दांडा त्या क्षणी किंचित मंदावतो. तेवढं त्याला पुरतं.

पण का पेटत नाही, ते त्या नंबरात नसतं! कॉइल गेली असेल, प्लग गेला असेल, पेट्रोल सोडणारा इंजेक्टर तुंबला असेल. मग शोधायचं कसं? इथं माझ्या दिरांची युक्ती मला फार आवडते. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते. ते पहिल्याची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतात आणि दुसऱ्याची पहिल्यावर. मग गाडी चालवून पुन्हा स्कॅनर लावतात. नंबर पी ०३०२ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला. चोर सापडला! नंबर ०३०१ च राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल करून पाहायची. घरात दिवा लागत नसला की आपण बल्ब दुसऱ्या होल्डरला लावून बघतो, तेच हे. एक पैसाही न खर्चता.

तुझ्या पत्रात मात्र दोनदा कॉइल बदलल्याचं आहे, म्हणून मला वेगळीच शंका येते. कॉइल खराब झाली हे खरं, पण तिला खराब कोण करतंय? इंजिनावरच्या झाकणाला, म्हणजे टॅपेट कव्हरला, रबराचं पॅकिंग असतं. उष्णतेनं ते कडक होऊन चिरलं, की ऑइल पाझरून प्लगच्या खोल खड्ड्यात उतरतं. त्यात कॉइलचं रबर बुडून खराब होतं. नवी कॉइल घातली तरी तिचीही तीच गत! तेव्हा बाबांना सांग, कॉइल काढतील तेव्हा खड्ड्यात बॅटरीचा उजेड टाकून ऑइल दिसतं का, तेवढं पाहायला सांगा.

आता स्कॅनरनं दिवा घालवण्याबद्दल. पाऱ्याचा थर्मामीटर झटकला की पारा खाली जातो, ताप नाही जात! शिवाय बऱ्याच बिघाडांत कॉम्प्युटर लगेच दिवा लावत नाही. लागोपाठ दोन फेऱ्यांत तीच चूक दिसली, तरच लावतो. म्हणून काही दिवस वाटतं, झाली बुवा दुरुस्त. आणि नंबर पुसला की बिघाडाच्या वेळी इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, ही टिपून ठेवलेली माहितीही पुसली जाते. त्यामुळे पुसण्याआधी नंबर वहीत तारखेसह लिहून ठेवायचा. हे काम तू करू शकतेस. दुरुस्ती खरी असेल, तर दिवा काही फेऱ्यांनंतर आपला आपण विझतो.

दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते, मात्र तापमानाचा किंवा ऑइलचा लाल दिवा सोबत नको. लुकलुकत असेल तर ती गोष्ट वेगळी. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. धूर स्वच्छ करणाऱ्या त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. तो फार तापून निकामी झाला, की खर्च कॉइलच्या कितीतरी पट. अशा वेळी वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवायची. आणि गरम इंजिनाला तुम्ही हात लावायचा नाही हं, बॉनेट मोठ्यांनीच उघडायचं.

आणखी एक. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, हा दिवा लागलाच पाहिजे. बल्ब शाबूत असल्याची ती खूण. घरी जुनी गाडी घ्यायचं ठरत असेल तर तेवढं नक्की बघा. नाहीच लागला, तर बल्ब गेलाय किंवा विकणाऱ्यानं तो मुद्दाम काढून ठेवलाय. मग विचारल्याशिवाय बाबांना पैसे मोजू देऊ नका.